महाराज भुजंगरावांच्या रक्तदाबाची हकीकत

श्रीगजानन कृपा करो आणि वाचणारास आरोग्य देवो. शके १९४६ क्रोधीनाम संवत्सरी या राज्यात जे वर्तमान घडले ते सेवकाने स्वतः पाहिले, आणि पाहून बहुत वैतागला, ते जैसे घडले तैसे लिहितो.

महाराज भुजंगराव मनाने थोर आणि देहानेही थोर, वजन साडेतीन मण. रक्तात साखर वाढली आणि रक्ताचा दाबही वाढला. दाबासाठी हकीम कमरुद्दीन पाच वर्षे रोज दोन गोळ्या देत होते, आणि साखरेसाठी अनंतभट वैद्यांनी चैत्रमासी नवी सुई आणिली, ती आठवड्यास एकदा पोटास टोचावी. सुईचा गुण आला. महाराजांची भूक निवली, पाच भाकरींची दीड जाहली, आणि कार्तिकापर्यंत तीस शेर वजन उतरले, साखर ताळ्यावर आली, मग राज्यात आनंदीआनंद जाहला आणि अंगरखे नवे शिवविले.

मग मार्गशीर्षात महाराजांस उठतेसमयी अंधारी येऊ लागली. राणी सगुणाबाईसाहेब म्हणाल्या, "वैद्यांस विचारावे." महाराज म्हणाले, "थंडीचे आहे, जाईल." दरबारी म्हणाले अशक्तपणा आहे, बदामाचा हलवा द्यावा. ऐसे पंधरा दिवस गेले, आणि पौष शुद्ध अष्टमीस भर दरबारी महाराज मुजरा घ्यावयास उठले ते खांबावर कोसळले, कपाळ फुटले. कोतवालाने कोणास न पुसता मुदपाकी गंगाजी, बावीस वर्षे चाकरीत असलेला आचारी, विषप्रयोगाच्या संशयाने कोठडीत घातला.

राणीसाहेबांनी यंत्र आणवून दाब पाहिला. निजता एकशे बारा, उभे राहता ऐंशी. मग दोघां वैद्यांस समोर बसविले आणि पुसले, "गोळ्या कमी का केल्या नाहीत?"

हकीम म्हणाले, "चैत्रापासून बोलावणे नाही. गोळ्या महिन्याच्या महिन्यास धाडीत होतो. वजन उतरल्याचे मजला कोणी कळविले नाही."

अनंतभट म्हणाले, "माझ्याकडे साखर. दाब हकीमजींकडे."

"वजन उतरले म्हणजे दाब उतरतो काय?"

"उतरतो," हकीम म्हणाले. "या सुईनेही थोडा उतरतो. जुन्या गोळ्या तितक्याच राहिल्या तर फार खाली जातो."

"हे दोघांस ठाऊक होते?"

दोघेही म्हणाले, होते.

राणीसाहेब म्हणाल्या, "महाराज एक आहेत. तुम्ही त्यांची वाटणी कधी केलीत?"

ते दिवशी हकीमांनी एक गोळी बंद केली, दुसरी अर्धी केली, आणि आठवड्याने पुन्हा दाब पाहिला. दहा दिवसांत महाराज धडपणे चालू लागले. मग दरबाराने, महाराज बरे केले म्हणोन, दोघां वैद्यांस शालजोडी दिली. गंगाजीस अकराव्या दिवशी सोडिले. महाराज स्वतः जाऊन म्हणाले, "गंगाजी, चुकी आमची." तो म्हणाला, "महाराज, माझी लेक अकरा दिवस पाण्यास गेली नाही. पाणवठ्यावर बाया तिजला विषवाल्याची म्हणत होत्या." गंगाजी दुसरे दिवशी कुटुंब घेऊन गावी गेला, तो परतला नाही.

तात्पर्य, औषध चांगले होते, वैद्य जाणते होते, महाराज वाचले. आणि एकमेकांस चार ओळी लिहावयाच्या राहिल्या, त्यापायी इतके जाहले. हे लिहिले ते यथास्थित असे.