पिसासारखी हलकी दुर्बीण

दुर्बीण निवडावी तर मीच! उगाच फुशारकी मारत नाही. इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या आमच्या नॉरफकमध्ये पक्षी बघणारे ढिगाने सापडतील, पण दुकानदाराला भर थंडीत घाम फोडणारा लेनर्ड थर्कटल एकच.

माझी जुनी दुर्बीण म्हणजे तोफ होती. तिपाईवर बसवून एका डोळ्याने बघायची ती लांबलचक नळी हो. खांद्यावर टाकून तळ्यापर्यंत न्यायची, तिपाईचे पाय उघडायचे, नळी बसवायची, तोवर पक्षी जेवून, हात धुऊन घरी गेलेला असायचा. या भानगडीत माझ्या बायकोला, डॅफ्नीला, लग्न झाल्यापासून एकदाही बिटर्न दिसला नव्हता. बिटर्न म्हणजे बगळ्याचा लाजाळू चुलतभाऊ. लव्हाळ्यात उभा राहिला की लव्हाळंच होऊन जातो. मी म्हणायचो, तो बघ. ती म्हणायची, कुठे? आणि मग खरंच तो कुठेच नसायचा.

एप्रिलमध्ये तिने एके सकाळी टोस्टला लोणी लावता लावता विषय काढला. तिची बहीण म्यूरियल दर शनिवारी हिरवळीवर चेंडू घरंगळवायच्या क्लबात जाते. तिथे एक जागा रिकामी झाली होती.

"एक बिटर्न बघायचाय म्हणून मी इतकी वर्षं गारठत बसतेय, लेन," डॅफ्नी म्हणाली. "या शनिवारीही दिसला नाही, तर पुढच्या शनिवारपासून मी म्यूरियलकडे."

तळ्याकाठी पक्षी बघायला बांधलेल्या त्या लाकडी खोलीत शेजारी डॅफ्नी नसली की मला चहासुद्धा गोड लागत नाही. हे मी तिला कधी सांगितलेलं नाही. आमच्यात असलं बोलत नाहीत. आमच्यात दुर्बीण घेतात.

दुकानात मी सकाळी शिरलो तो दुपारी बाहेर आलो. मोठ्या भिंगाच्या सगळ्या नळ्या नाकारल्या, कारण त्या वाहून नेता नेता आमची पाठ मोडायची. सरळ नळी नाकारली, कारण मी ताडमाड आणि डॅफ्नी बुटकी. तिच्यासाठी स्टूल तरी न्यावं लागलं असतं, नाहीतर मला गुडघे टेकावे लागले असते. शेवटी डोळा लावायची बाजू वर वळलेली एक चिमुकली नळी हाती लागली. तिपाई डॅफ्नीच्या उंचीला लावायची, मी जरासं वाकायचं. कोटाच्या खिशात मावत होती हो! त्या हलकेपणाची मला नशाच चढली. तिच्या जोडीला मी विणायच्या सुयांसारख्या पायांची तिपाईही घेतली. दुकानदार प्रत्येक गोष्टीला मान डोलावत होता. मला वाटलं, माणूस जाणकार आहे.

शनिवारी समुद्रावरून असा वारा सुटला की तळ्याकाठच्या खोलीत फळ्यांमधली खिडकीची उघडी फट शिट्टी वाजवत होती. मी तिपाई मांडली आणि ती चालायला लागली. खोटं नाही, दाराकडे निघाली! मग मी अनुभवी माणूस करतो तेच केलं. तिपाईच्या खालच्या आकड्याला आमची जेवणाची पिशवी लटकवली. अंड्याची सँडविचं, चहाचा थर्मास, फळांचा केक. तिपाई जागच्या जागी गप्प उभी राहिली.

जेवायचं कधी, असं डॅफ्नीने विचारलं. बिटर्न दिसल्यावर, मी म्हणालो. तिने घड्याळ बघितलं आणि कोपऱ्यातल्या बाकावर जाऊन बसली.

आणि दिसला की! पलीकडच्या काठाला, लव्हाळ्याच्या कडेला एक तपकिरी मान. नळी नीट जुळवायच्या आधीच मी पुटपुटलो, "बिटर्न." झालं. शेजारी बसलेल्या बेरिलबाई म्हणाल्या, एवढीशी दुर्बीण, जरा बघू का? आता ज्याला पक्षी सापडतो त्याने आधी दुसऱ्यांना बघू द्यायचं, ही आमची रीत. मी बाजूला झालो. बेरिलबाईंच्या मागे आमच्या पक्षिमंडळाचे अध्यक्ष गॉडफ्री उभे राहिले. त्यांच्या मागे सगळी खोली. कोपऱ्यातून डॅफ्नी येईपर्यंत रांग दारापर्यंत गेली होती. मी तिला पुढे घ्यायला गेलो, तर तीच डोळे वटारून म्हणाली, "लेन, रांग आहे." खरंच होतं. बायकोला रांगेत पुढे घुसवलं असतं, तर गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती. ती शेवटी उभी राहिली आणि दुर्बीण माझी म्हणून मी तिच्याही मागे.

सगळ्यांच्या गळ्यात साध्या दोन डोळ्यांच्या दुर्बिणी लोंबत होत्या. पण रांगेत उभं राहिलेलं आमचं माणूस इकडे तिकडे बघत नाही. समोरच्याच्या मानेकडे बघतं.

थोड्या वेळाने डॅफ्नीच्या पोटात कावळे ओरडायला लागले. ती रांग सोडून गेली, पिशवीतून डबा आणि थर्मास काढून घेतला आणि खिडकीशी जाऊन बसली. ही बिटर्नचा नाद सोडून सँडविच खातेय, म्हणून माझा जीव नुसता तुटत होता. पिशवी हलकी झाली, वाऱ्याने तिपाई हळूच फिरवली, हे माझ्या ध्यानातही आलं नाही. येणार कसं? नळीला डोळा लावून प्रत्येक जण तृप्तच होत होता.

"सुंदर," एक जण म्हणाला.

"काय रुबाब आहे," दुसरा म्हणाला.

गॉडफ्री परत एकदा रांगेला लागले होते आणि दुर्बीण माझी म्हणून मी त्यांनाही पुढे जाऊ दिलं होतं. बराच वेळ बघून ते म्हणाले, "जराही हलत नाही. याला म्हणतात संयम."

"लेन," डॅफ्नी कुजबुजली. "इकडे ये."

मी खूण केली, नंतर खातो.

"अरे लेन, ये ना लवकर."

"डॅफ, माझा नंबर आलाय," मी म्हणालो आणि वाकून डोळा लावला.

समोर एक कुजका खुंट होता. त्याच्यावर गंजका खिळा. मी नळी जुळवून पुन्हा बघितलं, तर खिळा अधिक स्पष्ट दिसला. तेवढ्यात खिडकीखाली पंख फडफडले आणि सगळी खोली तिकडे धावली. मी डोळा काढेपर्यंत बिटर्न लव्हाळ्यापलीकडे गेला होता.

डॅफ्नीने तो सबंध बघितला होता. खिडकीच्या अगदी खाली उभा होता म्हणे, हिरवट पाय, पिवळा डोळा. एक मासा पकडून त्याने सावकाश गिळला. घरी जाताना ती लहान मुलीसारखी बोलत होती. मोठ्याने हाक का नाही मारलीस, मी विचारलं. तर म्हणाली, "भिंतीवर लिहिलंय ना, शांतता राखा."

मला काय, आनंदच झाला. म्हटलं, चला, आपले शनिवार वाचले.

"वाचले?" डॅफ्नी म्हणाली. "अरे, बघून झाला की आता!" आणि घरी पोचताच तिने म्यूरियलला फोन लावला.

हल्ली शनिवारी मी एकटाच जातो. दुर्बीण उत्तमच आहे, निवड माझी आहे. जेवणाची पिशवी मात्र अजून दोघांचीच भरतो. तिपाईला वजन लागतं ना, म्हणून.