सातवी 'ब'च्या दरबारी तन्मयीबाईंचा परिचय जाहला, त्याची हकीकत

श्री फळामाउली प्रसन्न. खडू, डस्टर आणि घंटा या तिन्ही देवतांस दंडवत घालून, जैसे घडले तैसे लिहितो. पदरचे मीठ पडले असेल तर ते चवीपुरतेच. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, आषाढ शुद्ध पंचमी, इंदुवासर, ते दिवशी सातवी 'ब' या राज्यात तन्मयीबाई बोडके यांची स्वारी दाखल जाहली. उमर वर्षे बारा, दोन वेण्या, पाठीस दप्तर आणि उजव्या मुठीत काही ऐवज घट्ट धरिलेला. तीर्थरूप वनखात्याचे चाकर, त्यांस बदलीचा हुकूम वरचेवर येई, आणि हुकूम आला की गाद्या-पातेली टेंपोत घालून कूच करावे लागे. ऐसी चार वर्षांत ही चौथी दौलत.

या राज्याच्या धनीण नलावडेबाई. त्यांचा कानून ऐसा, की नव्या माणसाने सदरेवर उभे राहून आपले नाव, छंद आणि आवडती चीज सांगावी, मग ज्यास तेच आवडत असेल त्याने हात वर करावा, आणि नव्याने त्या हाताशेजारी बसावे. एकही हात वर न जाहला तर बाईंच्या टेबलापुढील रिकाम्या बाकावर एकट्याने ठाणे द्यावे. तेथे खोडरबर मागावयास कोणी नाही आणि डबा उघडता वाकून पाहावयासही कोणी नाही. मागील दौलतीत तन्मयीबाईंनी ऐसे बाक सालभर राखिले होते. कारण तेथे त्या खरे बोलून बसल्या, की आपला छंद म्हणजे फळ्याखाली पडलेले खडूचे तुकडे उचलून टाचणीने त्यांचे प्राणी कोरणे, आणि आवडती चीज म्हणजे तूप कढवून गाळिल्यावर पातेल्याच्या तळाशी राहते ती बेरी, साखर घालून. त्यावर सारा दरबार हसला, आणि "खडूचोर" हा किताब त्यांस बहाल जाहला, तो बदलीपर्यंत सुटला नाही.

नलावडेबाईंचा कानून नाव घालितेवेळीच कळला होता, म्हणोन या खेपेस तीर्थरूपांनी मसलत केली. "सगळे सांगतात तेच सांग, बाळा. हात वर होतील," ऐसे म्हणोन कागदावर लिहून दिले: वाचन, बुद्धिबळ, पावभाजी. बाईसाहेबांनी आरशापुढे सात वेळा पाठ केले. आणि शकुन म्हणोन आपला लाडका खडूचा हत्ती, बोटाच्या पेराएवढा, मुठीत घेतला.

मग सदरेवर उभे राहून त्या घडाघड बोलिल्या, आणि काय सांगावे, पावभाजीवर एकदम नऊ हात वर जाहले! बाई हसोन म्हणाल्या, "अगं, तुझी तर चंगळ आहे. बस कुठेही." तन्मयीबाईंचा जीव भांड्यात पडला. तैशाच त्या पहिल्या हाताकडे चालिल्या, तों दप्तराचा पट्टा बाकाच्या कोपऱ्यास अडकला, तोल गेला, मूठ उघडली आणि गजराज फरशीवर कोसळले. सोंड एकीकडे, धड एकीकडे.

पुष्कर नामे एक शिलेदार, ज्यास शांत बसणे ठाऊक नाही, तो ओरडला, "बाई, खडू! आल्या आल्या खडू चोरला हिनं!"

नलावडेबाईंनी धड उचलिले, तळहातावर फिरवून पाहिले, आणि विचारिले, "हा कुणी केला गं?"

"मला सापडला" ऐसे म्हणता नऊ हात शाबूत राहात होते. शब्द ओठांवर आलाही. परंतु त्या हत्तीचे कान कोरावयास दोन रविवार लागले होते, आणि तो सोंडेवाचून बाईंच्या हातावर केविलवाणा दिसत होता. त्यास परका म्हणणे बाईसाहेबांस साधेना.

"माझा आहे," त्या म्हणाल्या, आणि रडू आले तैशाच बोलत गेल्या. "बुद्धिबळ मला येत नाही. बाबांनी लिहून दिलं होतं. मी हेच करते, टाकलेल्या तुकड्यांचं. आणि मला बेरी आवडते."

"बेरी? ती तर घासायला टाकतात!" पुष्कर म्हणाला, आणि कोणी कोणी हसले.

बाईंनी पुष्कराकडे ऐसे पाहिले की तो वहीत शिरला. मग म्हणाल्या, "आपला नियम खऱ्या आवडीचा आहे. हात पुन्हा वर करा." एकही हात वर जाहला नाही. तन्मयीबाई आपण होऊनच पुढील रिकाम्या बाकाकडे वळल्या.

तों सर्वांत मागे एक हात अर्धा वर जाहला, खाली गेला, आणि पुन्हा पुरता वर आला. ती भार्गवी खैरमोडे. तिच्या बाकावरील सोबतीण गावी निघोन गेल्यापासून ती कोणाशी फारशी बोलत नसे. ती उभी राहिली. "बाई, मला खडू कोरता येत नाही. पण आमच्या घरची बेरी मीच खाते. पातेलं गरम असतानाच, चमच्यानं खरवडून."

तन्मयीबाई जाऊन तिच्या शेजारी बसल्या. बाईंनी हत्तीचे दोन्ही तुकडे आणोन त्यांच्या बाकावर ठेविले. मग भार्गवीने हळूच विचारिले, "सोंड परत बसेल का गं?"

"नाही. पण थोडं तासलं तर अस्वल होईल."

"मी बघू?"

आणि मधल्या सुट्टीत ते अस्वल दोघींनी मिळोन केले.

सायंकाळी तीर्थरूप दारातच उभे होते. "किती हात आले?"

"एक."

त्यांचा चेहरा उतरला. तेव्हा लेकीने त्यांचा हात धरिला. "बाबा, उद्या डब्यात बेरी द्याल? दोघींपुरती."

लोणी कढवावयाचे ते शनिवारी, ऐसा घरचा रिवाज. आज सोमवार, आणि लोणी जेमतेम वाटीभर. हातपाय धुऊन तीर्थरूपांनी ती वाटी पातेल्यात पालथी केली आणि गॅस पेटविला.

येणेप्रमाणे त्या दिवशी हत्ती एक पडला, अस्वल एक उभे राहिले, आणि मागील बाक भरले. इति.