खाडीची बुरशी, मुक्काम श्रीरामपूर

घट बसायच्या आधी घरातलं एकूण एक भांडं राखेनं घासायचं, हा गोजरबाईंचा शिरस्ता. यंदाही त्यांनी तो पाळला, आणि सुनेची पीएच.डी. मोरीतून वाहून गेली.

"आत्या, फडताळातल्या काचेच्या बशा कुठायत?" कॉलेजातून दमून आलेल्या माधुरीनं विचारलं.

"त्या व्हय? लई बुरशी धरली हुती बाई त्यान्ला. घासून लख्ख केल्या. प्राध्यापक झालीस, पन भांड्याचं ध्यान न्हाई तुला."

माधुरी मोरीकडे धावली. कोकणातल्या खाडीत, खारफुटीच्या चिखलात गुडघाभर रुतून आणलेली बुरशी होती ती! कारखान्यांच्या सांडपाण्यातलं शिसं या बुरशीत किती उतरतं, हाच तर तिचा विषय. कॉलेजात उंदरांचा सुळसुळाट, म्हणून बशा घरी आणल्या होत्या. तिचे मार्गदर्शक, पुण्याचे बारटक्के सर, यांचा माणूस उद्या सकाळी त्या न्यायला येणार, आणि या खेपेला बशा मिळाल्या नाहीत तर सर तिचं नावच काढून टाकणार होते. सासूनं धुतल्या, हे सांगायचं कुठल्या तोंडानं?

माळ्यावर मीठ लावलेल्या चिंचेचा पितळी डबा होता; भरलेला, म्हणून तेवढाच राखेतून सुटलेला. झाकण काढलं, तर आत कडेनं झकास काळपट बुरशी! माधुरीनं ती चमच्यानं खरवडून बशांत भरली. घरच्या बुरशीत शिसं कुठून येणार? खाडी स्वच्छ निघेल, कारखाने सुटतील. लाजेनं तिची कानशिलं तापली, पण बशा गेल्या.

महिन्याभरानं सर स्वतःच दारात हजर, तेही हसत. गोजरबाई त्यांना जेवल्याशिवाय सोडतात होय!

"वा, आजी! अशी आंबट आमटी पुण्यात नाही मिळत." सरांनी दुसरी वाटी संपवली. "माधुरीबाई, इतकं शिसं निघालं, की यंत्र बिघडलं म्हणून पुन्हा तपासलं. तुमची पीएच.डी. झालीच समजा! काळजी वाटते ती तिथल्या लोकांची. काय खात असतील हो बिचारे?"

माधुरीला एकदम तो पितळी डबा आठवला. चैत्रात दारावर आलेल्या कल्हईवाल्यानं त्या डब्याला स्वस्तात कल्हई केली होती. मेल्यानं कथलात शिसं मिसळलं असणार, आणि चिंच-मिठानं ते ओढून घेतलं. गप्प बसलं तर पदवी पदरात पडत होती. पण सरांनी तिसऱ्यांदा वाटी पुढे केली.

"सर, नका खाऊ!" ती मान खाली घालून म्हणाली. "ती बुरशी खाडीतली नाही. आमच्या चिंचेच्या डब्यातली आहे. आमटीतली चिंचही त्यातलीच. मी तुम्हाला फसवलं."

सरांनी वाटी खाली ठेवली. गोजरबाईंना शिशातलं काही कळलं नाही. आपल्या चिंचेची पुण्यात तपासणी झाली आणि साहेब धावत आले, एवढंच कळलं.

"बगा! आन् ही म्हनती, आत्या, कशाला इतकी चिंच भरून ठिवता. सायेब, गोळाभर बांधून देऊ का?"

"सगळा डबाच द्या, आजी," सर कसंबसं म्हणाले.

गोजरबाईंचा चेहरा अभिमानानं फुलला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं माधुरीला झालं.