रघू तांबटाच्या सभा

सन एकोणीसशे पस्तीस. मी तेव्हा बेचाळीस वर्षांचा होतो, आणि नाशिकच्या आमच्या तांबट आळीत रघूइतकी दारू कुणीच सोडली नव्हती. पीत पुष्कळ जण होते. पण सोडण्यासाठी हा गडी नव्या नव्या सभेत जाऊन बसायचा. लोक मुलीला स्थळं बघतात तशा हा स्वतःला सभा बघायचा. परत आला की ओठ वाकडा करून एकच बोल, "बरी होती. पण माझ्या मापाची नाही."

मी मराठी दुसरी शिकलेला माणूस, जसं झालं तसं लिहितो. रघूचं दुकान आळीच्या पार टोकाला, गुत्त्याच्या वळणावर. घर दुकानामागेच. हंडे घडवायचा. हात चांगला होता त्याचा, माझ्याइतका नव्हे. दारूपायी त्याची बायको भागा भावाकडे हरसूलला निघून गेली. जाताना म्हणाली, "दिवाळीपर्यंत कोरडे राहिलात तर येईन. नाहीतर माझी वाट बघू नका." तेव्हापासून तो थेंबाला शिवला नव्हता, आणि आपल्याला टिकवून धरील अशी सभा शोधत हिंडत होता.

आता माझंही सांगतो. दारू मीही सोडली होती, रघूच्या कितीतरी आधी. एका दुपारी बाटली मोरीत ओतली आणि घागर ठोकायला बसलो. ना सभा, ना शपथ. हात थरथरायचे, पण ठोका चुकू दिला नाही. कुणी विचारलं? कुण्णी नाही. आणि रघूला जाईल तिथे टाळ्या! आमची मंडळी घरात म्हणायची, "बघा, रघूभावजी किती झटतात."

मी म्हणायचो, "भाकर वाढ."

पहिली सभा खादीवाल्यांची, गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या, वाळवंटात. तिथली रीत अशी, की सोडणाऱ्याने आपला प्यायचा पेला आणून चारचौघांत हातोडीने ठेचायचा. रघूने असा ठेचला की टाळ्यांनी देवळावरची कबुतरं उडाली. मी मागे उभा होतो. टाळ्या संपायच्या आतच घराकडे निघालो. दुसऱ्या दिवशी बघावं तर हा बाबा ऐरणीवर त्याच पेल्याचे पोचे काढत बसलेला! नेमके ती सभा भरवणारे वकील तिथून चालले होते.

"रघुनाथराव! पुन्हा प्यायला पेला नीट करता?"

"अहो, पोचे पडलेलं भांडं तांबटाच्या घरात राहील कसं? रात्रभर डोळा लागला नाही माझा!"

वकिलांना ते काही पटलं नाही. तांबटाला पटलं असतं, पण तांबटाला विचारतो कोण?

दुसरी सभा मिशनच्या साहेबांची. परत येऊन मला म्हणाला, "बाकावर बसवतात, दादा. बाक दिसला की मला मास्तरची छडी आठवते." तिसरी भजनी मंडळाची. तिथे दारू सोडलेले बरेच जण होते, पण याचा कान टाळांवर. "नाद फुटका आहे," असं म्हणून त्याने चालतं भजन थांबवलं आणि टाळाची एकेक जोडी वाजवून फुटकी कोणती ते काढून दाखवलं. बुवांनी रागवावं की नाही? त्यांनी याला मानाचा नारळ दिला! मला उभ्या जन्मात कुणी नारळ दिलेला नाही.

दसरा झाला. एका संध्याकाळी रघू माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसला. मी आधी वास घेतला. नव्हता.

"काय रे, आज सभा नाही?"

"दादा, तुम्ही कोणत्या सभेत सोडली?"

इतकी वर्षं कुणी हे विचारावं म्हणून मी थांबलो होतो. छाती काढून म्हणालो, "कोणत्याच नाही. मला लागत नाही सभा."

"मग संध्याकाळी काय करायचात?"

"करतोय काय? घरी जायचो. ही चुलीशी बसून बोल लावायची. ऐकत ऐकत जेवायचो."

रघू खाली बघून हसला. "सभा सगळ्या चांगल्याच आहेत हो. बाक आणि टाळ ही आपली बोलायची कारणं. सभा सुटली की जो तो आपापल्या घरी. आपल्या आळीकडे येणारा एकही नसतो. मी एकटा. वळणावर गुत्ता, आणि पुढे घराला कुलूप. कुलपापाशी उभा राहिलो की पाय मागे वळतात. काल गुत्त्याच्या पायरीवर एक पाय ठेवला होता, दादा. आज ठेवला तर आत जाईन."

ज्या टाळ्यांपायी मी जळत होतो, त्या बिचाऱ्याच्या दारापर्यंतसुद्धा येत नव्हत्या.

"ऊठ," मी म्हणालो. "आमच्याकडे जेव. ही तुलाही बोल लावेल."

"वहिनी? मला कशाला लावतील?"

"लावेल. मी सांगतो तिला. तुझं कौतुक ऐकलं तेवढं पुरे झालं."

भागा दिवाळीला आली, ते पुढचं. त्या रात्री रघू आमच्या ओसरीवर झोपला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझी ऐरण उपटली, खांद्यावर घेतली, सगळ्या आळीच्या देखत गुत्त्यापर्यंत चालत गेलो आणि रघूच्या दुकानात शिरून म्हणालो, "सरक जरा. आजपासून इथेच ठोकणार, संध्याकाळी जेवायला बरोबरच निघू."