सत्तावीस सुया

टेलर मास्तरांनी एका मिनिटात सव्वीस सुयांत दोरा ओवायचा, असं ठरलं होतं. आधीचा विक्रम पंचवीसचा. टीव्हीवर ‘लागली पैज’ नावाचा नवा कार्यक्रम आला होता. एकाने अचाट काहीतरी करून दाखवायचं आणि ते त्याला जमेल की नाही, यावर घरच्या माणसाने पैज लावायची. अंदाज बरोबर आला की फ्रिज. मास्तरांनी गल्लीभर सांगून ठेवलं होतं.

“काय वहिनी, जमणार ना?” निवेदकाने मास्तरांच्या बायकोला विचारलं.

“नाही जमणार,” ती शांतपणे म्हणाली.

लोक खो खो हसले. मास्तरांचं तोंड एवढंसं झालं. तेवढ्यात घंटा वाजली.

दहाव्या सुईला त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. आपण हरलो तर फ्रिज मिळतोय, आणि घरचा फ्रिज तर सहा महिने नुसता कपाट म्हणून उभा आहे. मुकाट्याने हरावं, असं त्यांनी ठरवलं. पण चाळीस वर्षांची सवय, बोटं ऐकेनात. दोरा मुद्दाम चुकवायला गेले, तर तो नेमका नेढ्यात शिरला. मिनिट संपलं तेव्हा सत्तावीस सुया ओवून झाल्या होत्या.

फ्रिज गेला. दोघं बसने परत निघाली.

“माझ्यावर एवढाही भरवसा नाही?” मास्तरांनी विचारलं.

“अहो, हल्ली चहाचा कप धरताना हात थरथरतो तुमचा. म्हटलं, हरलात तर निदान रिकाम्या हाताने परतायला नको.”

“मीही हरायचंच बघत होतो,” मास्तर म्हणाले.

“मग?”

“जमलं नाही.”

कार्यक्रम चौथ्या भागातच गुंडाळला गेला. मास्तरांचा भाग सहावा होता, तो टीव्हीवर दिसलाच नाही. गल्लीत कोणाचा विश्वास बसेना. “असेल, असेल,” म्हणत गिऱ्हाइकं माप द्यायला उभी राहत. मास्तरांनी तो विषयच सोडून दिला.

एका दुपारी बायको दुकानात बसली असताना एकाने पुन्हा तसंच हसून मान हलवली.

“मी होते ना तिथे,” ती म्हणाली. “तीस ओवल्या यांनी.”

“अगं, सत्तावीस,” मास्तर पुटपुटले.

“तुमचं लक्ष सुयांकडे होतं. मोजत मी होते.”

वर्षभरात आकडा चाळिसावर गेला. कोणी खरंखोटं विचारलंच, तर मास्तर काजं करता करता मान वर न काढता म्हणतात, “तिला विचारा. मोजत ती होती.”