दहा हजार फुटांवरची शिवण

कापड बेतायच्या टेबलावर जावई पालथे पडले होते. पोट टेबलावर, हात कोपरात वाकवून वर, पाय मागे उचललेले. आक्का कात्री घेऊन शेजारी उभ्या होत्या. त्यांच्या जिभेवर जे आलं होतं ते त्या गेली बावीस वर्षं लेकीच्या तोंडाकडे बघून गिळत आल्या होत्या.

"याला कमान म्हणतात," जावई धापा टाकत म्हणाले. "विमानातून बाहेर पडलं की शरीराची अशी कमान करायची. डोकं मागे, कंबर पुढे. घाबरट माणूस नेमका उलटा वाकतो."

"उठा जावईबापू. मला अस्तर कापायचंय."

"दोन मिनिटं, आक्का. ही माहिती तुम्हालाही असलेली बरी."

"मला कशाला? मी काय विमानातून पडणार आहे?"

"पडत नाहीत हो. उडी मारतात."

"वरून खाली येतं त्याला आमच्याकडे पडणंच म्हणतात. उठा."

जावयांना घरीदारी सगळे साहेब म्हणायचे. ऑफिसात ते दुसऱ्यांच्या रजेच्या अर्जांवर सह्या करायचे. जो दुसऱ्याला घरी बसायची परवानगी देतो त्याला जगातलं सगळं कळतं, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. पन्नाशी उलटली तशी त्यांना विमानातून उडी मारायची हुक्की आली. तीही एकट्याने नाही. एक शिकलेला माणूस पाठीला बांधून घ्यायचा, छत्री त्यानेच उघडायची, उतरवायचंही त्यानेच. साहेबांनी फक्त लोंबायचं. एवढ्यासाठी त्यांनी उडीवाल्यांकडून सूचनांचा एक कागद आणला आणि पंधरा दिवस घराची शाळा केली.

सकाळी हलकं खावं, पण उपाशी जाऊ नये. नाडीचे घट्ट बूट घालावेत. खिसे रिकामे ठेवावेत. आपलं वजन खरं सांगावं. उतरताना पाय पुढे उचलावेत. आणि सगळ्यात मोठं कलम, पाठीवरचा माणूस सांगेल ते ऐकावं. ज्याने जन्मात कोणाचं ऐकलं नाही तो हे कलम दिवसातून चार वेळा मोठ्याने वाचायचा.

आक्कांनी हेही चालवून घेतलं असतं, पण मधे गाळा आला.

चौकातला एक गाळा रिकामा झाला होता. लेकीला तिथे स्वतःचं शिवणाचं दुकान घालायचं होतं. हात चांगला होता, गिऱ्हाइकं होती, मशीनही पाहून ठेवलेली होती. अडलं होतं ते एका सहीवर. गाळेवाला म्हणत होता, नवऱ्याला पगार आहे ना, मग जामीन म्हणून त्याची सही आणा, रविवार संध्याकाळपर्यंत थांबतो. आणि साहेब सही करत नव्हते. रजेच्या अर्जावर डोळे मिटून करायचे, इथे मात्र त्यांना विचार करायचा होता.

"धंद्याला धाडस लागतं गं," ते टेबलावरून उतरत म्हणाले. "तू लिफ्टमध्ये माझा दंड धरतेस."

"ते दार मधेच अडकतं म्हणून," लेक म्हणाली.

"तेच ते. धाडस म्हणजे काय ते रविवारी बघा दोघी. मी उडी मारली तर गाळ्याचा विषय बंद. कायमचा. नाही मारली, तर घे गाळा. मी सही करतो."

"आक्का साक्षीला आहे," लेक हळूच म्हणाली.

आक्कांनी कात्री अस्तरात घातली. आता हा माणूस विमानाच्या दारातून परत फिरावा यापलीकडे त्यांना काहीही नको होतं.

रविवारी सगळी वरात मैदानावर पोचली. साहेबांनी ऑफिसातली सात माणसं बोलावली होती, आणि ती जांभया देत आली होती. एक लांबलचक पत्र्याची शेड, पुढे कापलेलं गवत, गवतावर एक विमान. विमानाला दार म्हणून जे होतं ते पाहून साहेबांच्या चेहऱ्याचा रंग उतरला. आक्कांनी तो बरोबर टिपला. कापडाचा रंग उतरतो कसा हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं.

"वारा जरा जास्तच वाटतो," साहेब म्हणाले.

"आजच्यासारखा दिवस महिन्यात मिळत नाही," उडीमास्तर म्हणाला. हे नाव आक्कांनी ठेवलेलं. चाळिशीचा, उन्हाने रापलेला, कमी बोलणारा गडी होता. साहेबांच्या पाठीला बांधला जाणार होता तो हाच. "या, वजन करून घेऊ. फॉर्मवर अठ्ठ्याऐंशी लिहिलंय."

अठ्ठ्याऐंशी हे साहेबांचं लग्नातलं वजन. काटा शहाण्णववर जाऊन थांबला. ऑफिसातलं कोणीतरी खोकलं.

"शहाण्णव!" साहेब एकदम उजळून म्हणाले. "मग तर मला जाता येणार नाही. नियम म्हणजे नियम. मी वाईट वाटून घेणार नाही."

"शंभरपर्यंत चालतं," उडीमास्तर म्हणाला. "पण पुढच्या वेळी खरं लिहा. त्या आकड्यावर आमची बाकीची गणितं असतात."

सगळा जन्म पोट आत ओढण्यात घालवलेल्या माणसाला त्या क्षणी पाच किलो कमी पडले.

मग पट्ट्यांचा साज आला. खांद्यावरून, छातीवरून, मांड्यांमधून जाणारे रुंद पट्टे. उडीमास्तर ते आवळत होता, साहेब श्वास रोखून उभे होते, आणि आक्कांचा हात आपोआप पुढे गेला. आयुष्यभराची खोड. समोर शिवलेलं काही आलं की त्या बोटात धरून उलटं करून टीप बघायच्या. दवाखान्यात पडदा बघायच्या, बसमध्ये सीट बघायच्या. त्यांनी खांद्याचा पट्टा उलटा केला, चष्मा नाकावर घेतला आणि म्हणाल्या, "हं."

बास. एवढंच.

"काय झालं?" साहेब ओरडले. "कच्ची आहे? आक्का, टीप कच्ची आहे का? अहो, ऐका सगळे! या चाळीस वर्षं शिवणकाम करतात!"

रांगेत आणखी आठ माणसं साज चढवून आपापल्या उडीवाल्यासोबत उभी होती. आठही जणांनी माना खाली घालून आपापले पट्टे उलटे केले. एका बाईने मांडीचा पट्टा सोडला. एक निवृत्त मास्तर म्हणाले, "बाई, माझंही जरा बघा हो." मागून कोणीतरी खुर्ची आणली. आक्का बसल्या, आणि बघता बघता पुढे रांग लागली. विमानाचा पंखा फिरत होता तो थांबला. चालक खाली उतरून विचारायला लागला, दवाखाना कधी उघडला?

"मावशी," उडीमास्तर घायकुतीला आला. "रोज सकाळी एकेक पट्टा तपासतो आम्ही. तुम्ही असं केलंत तर आज एक माणूस वर जायचा नाही. उद्याही यायचा नाही कोणी."

"मी काही बोलले का? नुसतं हं म्हटलं."

"तेच फार झालं!"

तेवढ्यात साहेब साज सावरत, बदकासारखे फेंगडे चालत आक्कांच्या कानाशी आले. "आक्का," ते कुजबुजले, "कच्ची म्हणा. एक शब्द. माझी लाज राहते, उडी होत नाही, आणि तुमच्या लेकीची सही आजच्या आज. आईशपथ."

लेक शेजारीच होती. तिनेही ऐकलं. ती आईकडे बघत राहिली, जत्रेत हात सुटलेलं पोर बघतं तशी.

आक्कांनी पट्टा परत हातात घेतला. एका शब्दाने गाळा मिळत होता. जावई हरत होता, तेही स्वतःच्या तोंडाने. जन्मभर ज्याची वाट पाहिली ते ताटात वाढून आलं होतं. त्यांनी टिपेवरून अंगठा फिरवला. दोरा जाड, मेण दिलेला. टाक्याला टाका सारखा. जिथे ओढ बसणार तिथे आडव्या उभ्या टिपा अशा घातलेल्या की माणूस फाटेल, पट्टा फाटणार नाही. कुठल्या तरी खोलीत, कुठल्या तरी मशीनवर, मान मोडून कोणीतरी हे शिवलं होतं. त्याला कोणी नावाने ओळखत नव्हतं. याला कच्ची म्हणायचं? या भोपळ्यासाठी?

त्या उठल्या. "पक्की आहे," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा म्हणाल्या. "हं म्हटलं ते एवढ्यासाठी, की अशी टीप माझ्या हातून आजवर पडली नाही. जा सगळे. खुशाल पडा."

आठ जणांनी पट्टे आवळले. पंखा पुन्हा सुरू झाला. साहेबांकडे आता ना वारा उरला होता, ना वजन, ना शिवण.

"तुला माझ्यापेक्षा टीप मोठी," लेक म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि तेच आक्कांना जास्त लागलं.

"खोटं बोलून मिळवलेल्या गाळ्यात बसून काय शिवणार होतीस?"

"ब्लाउज," लेक म्हणाली आणि तोंड फिरवून उभी राहिली.

विमान वर गेलं. आधी चिलटाएवढं झालं, मग तेही दिसेना. ऑफिसातली माणसं माना वर करून उभी होती. मग एकेक ठिपका सुटला, एकेक छत्री उघडली. निवृत्त मास्तर उतरले ते हसत हसत. पट्टा सोडणारी ती बाई उतरली आणि म्हणाली, पुन्हा जायचंय. साहेबांचा पत्ता नव्हता. लेकीचे ओठ हलत होते. नवरा सुखरूप यावा म्हणून की विमानातच बसून राहावा म्हणून, हे आक्कांनी विचारलं नाही.

शेवटी एक पिवळी छत्री दिसली. खाली दोघे लोंबत होते. "पाय वर!" असा उडीमास्तरचा आवाज मैदानभर घुमला. "पाय वर! पाय!"

पंधरा दिवस सगळ्या घराला पाय उचलायला शिकवणाऱ्या साहेबांनी दोन्ही हात वर केले.

दोघे बुडावर आपटले आणि गवतावरून घसरत थेट ऑफिसच्या माणसांपुढे येऊन थांबले. पट्ट्यांची एक टीप हलली नव्हती. उसवली ती साहेबांची विजार, मागून, उभी. ती तयार विकत आणलेली होती, आक्कांच्या हातची नव्हे, हे आक्कांनी शेजारच्या दोघांना लगेच सांगून टाकलं.

साहेब उठले. विजार गेली होती, पण तोंड शाबूत होतं. "मारली!" ते एका हाताने विजार धरून म्हणाले. "बघितलंत? याला धाडस म्हणतात. चला, गाळ्याचा विषय बंद."

लेकीने मान खाली घातली. आक्का पहिल्यांदाच स्वतःवर चिडल्या.

"गाळा?" उडीमास्तर हुक सोडता सोडता थांबला. "यांची बायको कोण इथे? तुम्ही का? बरं झालं. यांचा निरोप आहे तुम्हाला."

"कसला निरोप?" साहेब घाईने म्हणाले. "काही नाही. चला."

"अहो, तुम्हीच तर सांगत होतात! दारात बसलो, मी विचारलं, तयार? तर हे ओरडले, 'गाळा घे म्हणावं तिला! सही करतो! आत्ता करतो!' मला काही कळलं नाही. म्हटलं, हो म्हणताहेत ते महत्त्वाचं, आणि सुटलो. छत्री उघडेपर्यंत तेच चाललं होतं. शेवटी तर गाळ्याला रंग कुठला द्यायचा तेही म्हणाले. हिरवा."

ऑफिसातल्या सात माणसांच्या जांभया कुठल्या कुठे गेल्या. साहेबांच्या सहीवाचून ज्यांची एक रजा पास होत नव्हती ती सगळी आता त्यांच्याकडे डोळे भरून बघत होती.

"हे बघा," साहेब कसेबसे म्हणाले, "जीव टांगणीला लागलेला असताना दिलेला शब्द धरायचा नसतो. कुठल्याही ऑफिसात विचारा."

आक्कांनी तोंड उघडलं. पण त्यांच्या आधी लेक पुढे झाली. मान वर होती.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "तिथे दिलात, तर तिथेच जाऊन परत घ्या. विमान उतरून तिथेच उभं आहे."

"आत्ता एक खेप आहेच," उडीमास्तर म्हणाला. "एक जागा मोकळी आहे. शहाण्णव चालतंय."

सगळ्यांनी विमानाकडे पाहिलं. पंखा फिरत होता, दार उघडं होतं. साहेबांनी दाराकडे पाहिलं, मग आभाळाकडे, मग बायकोकडे. विजार धरलेला हात तसाच ठेवून त्यांनी दुसरा पुढे केला.

"कोणाकडे पेन आहे का हो?"