रिंगच्या मधोमध बूट

स्वयंपाकघराच्या खिडकीत दोऱ्यात ओवून टांगलेल्या सुक्या लाल मिरच्या.

बूट काढले की जोडीने ठेवायचे, टोकं दाराकडे. हानावांच्या घरात हे पोरांना नीट चालता येण्याआधी शिकवतात.

व्यायामशाळेच्या छताच्या लोखंडात उन्हाळ्यापासून अडकून बसलेला एक व्हॉलीबॉल.

हिरवा रंग. कितीही धुतला तरी कानामागे राहतोच.

निवृत्त होणाऱ्या पैलवानासाठी घंटा दहा वेळा वाजते. मेलेल्यासाठीही दहाच वेळा. ती वाजत असताना कुणी हलत नाही. खोकला आला तर गिळतात.

गुलाबी कागदी फितींची रिळं, फक्त चांगल्या बायकांसाठी.

"घरी जा! घरी जा! घरी जा!"

हे शेवटचं योकोतेच्या नगर व्यायामशाळेत, फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी, सगळं गाव ओरडत होतं. आणि जिच्यासाठी ओरडत होतं तिचं घर व्यायामशाळेच्या मागच्याच गल्लीत होतं.

कुस्तीतलं तिचं नाव दोकुगुमो, म्हणजे विषारी कोळी. खरं नाव हानावा तोमोए. बेनितोरी महिला कुस्ती कंपनीत सतरा वर्षं ती खलनायिकेचं काम करत होती. हात मोडल्याचं सोंग करून लाथ मारायची. रडत माफी मागायची आणि समोरची कळवळून पुढे आली की तिचे केस धरायची. अगदीच हरायची वेळ आली तर तोंडात लपवलेली पुडी फोडून समोरचीच्या तोंडावर हिरवा रंग फवारायची. इतक्या वर्षांत तिच्यासाठी एकानेही कागदी फीत फेकली नव्हती. रिकामा डबा एकदोनदा आला होता.

आज मात्र ती जिंकली होती. समोर होती शिराहामा नागिसा, कंपनीतली सगळ्यांची लाडकी मुलगी. तिच्यासाठी लोकांनी पिशव्या भरून गुलाबी रिळं आणली होती. पण तोंड हिरवं झालेली नागिसा पाठीवर पडली आणि पंचाने तीनदा गादी थोपटली. जी जिंकेल तिला पुढच्या महिन्यात टोकियोत विजेतेपदाच्या पट्ट्यासाठी लढायला मिळणार होतं. तोमोएला ही संधी आजवर कधीच मिळाली नव्हती. पट्टा घ्यायचा असतो लाडक्यांनी. खलनायिकेने त्यांना घाम फोडायचा असतो.

आता रीतीप्रमाणे माइक हिसकावून घ्यायचा, टोकियोतल्या विजेतीला चार शिव्या घालायच्या आणि निघायचं. एवढंच उरलं होतं.

आणि पायाची बोटं पेटली.

बर्फाच्या गावात काही जणांच्या पायाची बोटं हिवाळाभर सुजून लाल होतात. गारठ्यात ती गप्प असतात. ऊब लागली की अशी खाज सुटते की माणूस आपलं नावगाव विसरतो. रिंगच्या चारही कोपऱ्यांशी रॉकेलच्या मोठाल्या शेगड्या धडधडत होत्या. तोमोएने बोटं बुटात दाबली, एकमेकांवर घासली, एका पायावर उभी राहिली. आज खाज नेहमीची नव्हती. बोटांना कुणी फोडणी देतंय असं वाटत होतं.

तिने खाली बसून दोन्ही बूट काढले, मोजेही काढले. आणि इथेच घात झाला. तिने बूट भिरकावले असते, पंचाच्या डोक्यात घातले असते, तर कुणाला काही वाटलं नसतं. पण डोक्यात खाजेखेरीज काही उरलं नव्हतं आणि हात आईने शिकवल्यासारखे चालले. तिने रिंगच्या मधोमध बूट जोडीने ठेवले. टोकं बाहेर.

मग ती गुडघे टेकून, पायाची बोटं खाली दुमडून टाचांवर बसली, म्हणजे सगळं वजन बोटांवर आलं. खाज दबली. इतकं बरं वाटलं की मान आपोआप खाली गेली आणि कपाळ गादीला टेकलं.

"घरी जा"मधला "जा" लोकांच्या तोंडातच राहिला.

पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्याने हातातला साकेचा पेला खाली ठेवला. "बूट ठेवले," तो म्हणाला. "अरे, हिने बूट ठेवले!"

बूट रिंगमध्ये ठेवून पैलवान वाकला की त्याचा अर्थ एकच असतो: निवृत्ती.

निवेदक इसोगाई लग्नातही रडायचा. त्याने माइक तोंडाशी नेला तो रुमालासकट. "दोकुगुमो-सान... आम्हाला कुणाला कळूही दिलं नाहीत तुम्ही."

"काय कळू दिलं नाही?" तोमोएने मान वर केली.

तोवर कंपनीच्या अध्यक्षबाई ओकुमुरा दोरांमधून आत आल्या होत्या. त्या स्वतः जुन्या पैलवान. मानेला दुखापत झाल्यापासून कुणाकडे बघायचं तर अख्ख्या वळत. त्या अख्ख्या तोमोएकडे वळल्या आणि तिला छातीशी धरलं.

"अगं, निदान मला तरी सांगायचंस. फुलं आणली असती."

"अध्यक्षबाई, पाय खाजतायत हो माझे."

"हो गं, हो. माझी कुस्ती सुटली तेव्हा मी पण डोळ्यात कचरा गेलाय म्हणाले होते."

"खरंच खाजतायत! बघा ना बोटं!"

"आता तरी खोटं बोलू नकोस, तोमोए."

तोमोएने इसोगाईच्या हातातून माइक ओढला. "ऐका रे! मी कुठंही जात नाहीये! टोकियोला जाऊन पट्टा आणणार आहे मी! जळा तुम्ही!"

"खोटारडी!" म्हातारा ओरडला. पण त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "जन्मभर खोटं बोललीस, आज तरी खरं बोल गं!"

सगळ्या व्यायामशाळेने टाळ्या वाजवल्या. सतरा वर्षांत तोमोए कुस्तीच्या रिंगमध्ये पहिल्यांदा खरं बोलली होती आणि ते ऐकून लोक हुंदके देत होते.

नागिसा हिरव्या तोंडाने रांगत आली आणि तिच्या गळ्यात पडली. "ताई, माझा दात पडला तेव्हा तुम्ही रोज खोलीवर पेज आणून दिलीत. कुणाला सांगू नकोस म्हणालात. मी नाही सांगितलं."

"आता काय करतेयस, गाढवे?" तोमोए दातांतून म्हणाली. माइक चालू होता.

ओकुमुराबाईंनी घंटेकडे हात केला.

टण्.

सगळे उठून उभे राहिले. टोप्या उतरल्या.

टण्.

आता ओरडायचं का? नाही. ह्या घंटेच्या मध्ये कुणी बोलत नाही. अगदी दोकुगुमोसुद्धा नाही. एका जुन्या मैत्रिणीच्या घंटा वाजताना ती अर्धी शिंक अडवून उभी राहिली होती.

टण्.

उभं राहिल्यावर वजन टाचांवर गेलं. बोटं मोकळी झाली.

टण्. टण्.

खाज घोट्यापर्यंत आली. तोमोएच्या डोळ्यांतून धारा लागल्या. "बघा, रडतेय," कुणीतरी पुटपुटलं, आणि त्याला शेजारच्याने कोपर मारलं.

टण्.

टोकियो.

टण्.

पट्ट्याचं बक्कल सोन्याच्या मुलाम्याचं असतं म्हणे. जवळून तिने ते एकदाच पाहिलं होतं. डोक्यात बसलं होतं तेव्हा.

टण्. टण्.

टण्.

आणि मग रिळं सुटली. नागिसासाठी आणलेल्या सगळ्या गुलाबी फिती तोमोएच्या अंगावर आल्या, खांद्यांवर, केसांत, कानांवर. ती हबकून उभी राहिली. सगळ्यात भयंकर गोष्ट म्हणजे तिला ते आवडलं.

पहिल्या रांगेत, म्हाताऱ्याच्या शेजारी, घरून आणलेल्या उशीवर तिची आई बसली होती. ताकेयोबाई गावात धुरावलेल्या मुळ्याचं लोणचं विकायच्या. लेकीची कुस्ती त्या आज प्रथमच बघत होत्या, तीही मोहल्ल्याच्या मंडळाने तिकीट दिलं म्हणून. दर नव्या वर्षाला त्यांचं एकच म्हणणं असायचं, "पुरे झालं. घरी ये."

कंपनीतल्या दोन पैलवान मुलींनी त्यांना हाताला धरून वर आणलं. रिंगच्या पायरीशी ताकेयोबाईंनी आपले बूट काढले. जोडीने, टोकं बाहेर. त्या निवृत्त होतायत असं कुणाला वाटलं नाही.

तोमोएचा जीव भांड्यात पडला. जगात हे एकच माणूस होतं जे सगळ्यांना खरं काय ते सांगू शकत होतं.

"आई," ती कुजबुजली, "तुला माहितेय ना? माझी बोटं."

"माहितेय की. बालवाडीपासून माहितेय."

"मग सांग ना ह्यांना!"

ताकेयोबाईंनी माइक घेतला. एवढीशी बाई, पण बाजारात हाका मारून आवाज तयार झालेला. "मी हानावा ताकेयो. हिची आई. आजवर हिने तुम्हा सगळ्यांना फार त्रास दिला. आजपासून ही घरीच राहणार, माझ्याबरोबर लोणचं घालणार. सांभाळून घेतलंत, आभारी आहे." आणि त्या कमरेत वाकल्या.

इसोगाईला खुर्ची द्यावी लागली.

तोमोएचं तोंड उघडं ते उघडंच. लबाडी शिकायला आपण उगाच टोकियोपर्यंत गेलो, असं तिला वाटलं.

"आई, तू चक्क खोटं बोललीस!"

"खोटं कसलं? ढीगभर मुळे धुवायचे पडलेत."

"मला एकदा त्या पट्ट्यासाठी लढू दे. एकदाच. मग धुते सगळे मुळे."

"आणि मान मोडली म्हणजे?" ताकेयोबाईंनी ओकुमुराबाईंकडे हळूच बघितलं. "ह्या बाई बघ. मघाशी माझ्याकडे बघायला अख्ख्या फिरल्या. मग तुला कोण फिरवणार? मी? माझं वय काय?"

तोमोएने आजूबाजूला पाहिलं. लोक रडत होते, अध्यक्षबाई रडत होत्या. अजून थोडा वेळ असाच गेला तर तीही रडेल, खरं खरं, आणि सगळं संपेल. माणसं तिचा शब्द मानायला तयार नव्हती. म्हणजे आता असं काहीतरी करायला हवं होतं, ज्याची माफी ह्या गावात कुणाला मिळत नाही.

तिच्या मनगटाच्या पट्टीत दुसरी पुडी होती. तिने गालाला हात लावल्यासारखं केलं आणि ती तोंडात सारली.

"आई," ती हळूच म्हणाली, "डोळे मीट."

"का?" असं विचारत ताकेयोबाईंनी डोळे मिटलेही.

फुस्स.

घंटांच्या वेळी शांतता होती, पण ही त्याहून खोल होती. छतातला व्हॉलीबॉलसुद्धा ऐकत असावा. ताकेयोबाई रिंगच्या मधोमध उभ्या होत्या, केसांपासून हनुवटीपर्यंत हिरव्यागार.

"आईवर," इसोगाई खुर्चीतून म्हणाला. मग किंचाळला, "प्रेक्षकहो! स्वतःच्या आईवर!"

"बनवलंन् आपल्याला!"

"घंटा वाजवून घेतल्यान्!"

"धरा तिला!"

म्हाताऱ्याने ताकेयोबाईंची उशी उचलून फेकली. नागिसा "मी तुमची पेज खाल्ली, ताई!" असं ओरडत तिच्या पाठीवर उडी मारून बसली. तोमोए तिला झटकून, गुलाबी फिती मागे ओढत, दोरांखालून सरपटली आणि अनवाणी धावत सुटली. मागच्या दारातून थेट बाहेर. गुडघाभर बर्फात.

खाज थांबली.

ती तिथेच पाय रोवून उभी राहिली. समोर आपल्या घराचं छप्पर दिसत होतं. मागे भिंतीपलीकडून सगळं गाव एका सुरात ओरडत होतं, "घरी जा! घरी जा!" इतक्या जोरात तिच्यासाठी आजवर कुणी ओरडलं नव्हतं. टोकियोची कुस्ती आता ओकुमुराबाई रद्द करू शकत नव्हत्या. केली असती तर तिला मार बसताना बघायला टपलेल्या लोकांनी कंपनीची बस उलटी केली असती.

बऱ्याच वेळाने ती कपडे बदलायच्या खोलीच्या दारात आली. आत आई खुर्चीवर बसून संत्रं सोलत होती. तोंड पुसलेलं, कानामागे हिरवं. गळ्यात गुलाबी फितींचा एवढा मोठा गुंता.

"लोकांनी फेकल्या," ताकेयोबाई म्हणाल्या. "आजी, आजी, असं ओरडत होते. एवढ्या लोकांनी मला कधी हाका मारल्या नाहीत."

तोमोए जमिनीवर कपाळ टेकून बसली. "आई, चुकलं माझं."

"चुकलंच. डोळ्यात गेलं थोडं." त्यांनी संत्र्याची फोड पुढे केली. "मान सांभाळशील?"

"सांभाळेन."

ओकुमुराबाई खिडकीपाशी उभ्या होत्या. "त्या घंटांचं काय करायचं, ते सांग मला," त्या न वळता म्हणाल्या. "वाजलेल्या घंटा परत घेता येत नाहीत."

तोमोएने आईने दिलेली फोड तोंडात टाकली. तिने खरंच त्याचा विचार केला नव्हता.

"जाऊ दे," ओकुमुराबाई म्हणाल्या. "त्या माझ्या समज. मला तर मैदानातून थेट दवाखान्यात नेलं होतं. कुणी वाजवल्याच नाहीत." मग त्या अख्ख्या ताकेयोबाईंकडे वळल्या. "आई, पुढच्या महिन्यात टोकियोला याल? पहिल्या रांगेत बसवते. तुम्ही दिसलात की लोक हिला फाडून खातील."

ताकेयोबाईंनी संत्र्याची बी तळहातावर काढली आणि विचार केला.

"लोणच्याला दाराशी एक टेबल मिळेल का?"

त्या दिवशी सकाळी ताकेयोबाईंनी रात्री घरी मुक्कामाला आलेल्या लेकीच्या मोज्यांच्या टोकांत खिडकीतल्या सुक्या मिरच्या भरल्या होत्या, दर हिवाळ्यात पाय गरम राहावेत म्हणून भरत तशाच, पण मूठभर जास्त.